घाटासाठी टर्बो: जुनी पिकअप, मागचं ओझं आणि हवेचा हिशोब

स्लॅबचा मिक्सर मागे जोडून बेळगाव-कोल्हापूर रस्त्यावरचा वंटमुरीचा किंवा तवंदीचा घाट चढणारी जुनी पिकअप काळा धूर सोडते, तेव्हा तिला डिझेल कमी पडलेलं नसतं, हवा कमी पडलेली असते. एक किलो डिझेल जळायला साधारण १४.५ किलो हवा लागते, आणि काजळी होऊ द्यायची नसेल तर त्याहूनही बरीच जास्त. त्यात बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर. इथं हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठेक टक्क्यांनी कमी असतो. पणजीहून चोर्ला घाट चढून येणाऱ्या बिनटर्बोच्या इंजिनाचा तेवढा दम वाटेतच जातो.

आता ओझ्याचं गणित. गाडी, माल आणि मागचं यंत्र मिळून साडेतीन टन धरू. शंभर मीटरला दहा मीटर असा चढ ताशी २० किलोमीटरनं चढायला चाकांवर साधारण ३० अश्वशक्ती लागते. वेग ४० केला की ६०. जुन्या पिकअपचं जवळजवळ सगळं इंजिन तिथंच संपतं.

ही तूट टर्बो भरून काढतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युशी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे वाया जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, त्याच शाफ्टवरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. फेरे मिनिटाला लाखाच्या वर जातात.

घोळ होतो तो निवड करताना. ‘मोठा टर्बो, जास्त ताकद’ हे ओढकामाला लागू पडत नाही. मोठा पंखा जड असतो, त्याला फिरायला जास्त धूर लागतो. घाटाच्या वळणावर गाडी दुसऱ्या गियरमध्ये, इंजिन १५०० फेऱ्यांवर, आणि नेमका तेव्हाच तो झोपलेला. माझं स्पष्ट मत आहे की ओझं ओढणाऱ्यानं लवकर जागा होणारा, थोडा लहान टर्बो घ्यावा. फार लहान मात्र नको. वरच्या फेऱ्यांवर तो धुराचीच वाट अडवतो.

इंटरकूलरवर, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणाऱ्या जाळीवर, पैसे वाचवू नयेत. ३५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली की ती १३० अंशांच्या आसपास तापते आणि तापलेली हवा विरळ होते. तीच ६० अंशांवर आणली तर त्याच जागेत सुमारे वीस टक्के जास्त हवा मावते. शिवाय इंजिनाची आचही उतरते, आणि घाटात खरा शत्रू आचच आहे. नुसता ‘पंप वाढवून’ जास्तीचं डिझेल सोडलं तर चढ संपेपर्यंत पिस्टनचं ॲल्युमिनियम भाजत राहतं. म्हणून टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीवर), धुराचं तापमान दाखवणारा मीटर बसवावा. काटा बराच वेळ ७०० अंशांच्या वर राहू लागला की पाय सैल करायचा, खालचा गियर टाकायचा. मुळात बिनटर्बोचं असलेलं इंजिन तर जास्त दाबासाठी घडवलेलंच नसतं. तिथं थोडक्यात समाधान मानावं.

टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. चढ चढून आल्या आल्या चावी फिरवून गाडी बंद केली तर ऑइल थांबतं आणि उरलेल्या आचेनं तिथंच करपतं. एक-दोन मिनिटं गाडी चालू ठेवावी. खानापूरकडच्या लाल धुळीत एअर फिल्टर आणि त्याचे पाइप वरचेवर बघावेत, कारण बारीक कण पंख्याची पाती खातात.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. त्याच इंजिनाच्या टर्बो आवृत्तीचे सुटे भाग मिळतात का पाहावं आणि काम काढण्याआधी आरटीओत विचारावं.

याच कामात क्लच, रेडिएटर आणि मुख्य म्हणजे ब्रेक तपासून घ्या. चढताना वाढलेली ताकद उतरताना कामाला येत नाही. साडेतीन टन तेवढेच राहतात, आणि ते रोखायला ब्रेकच्या जोडीला खालचा गियरच लागतो.