कोअर आणि थ्रेड: दोन काटे वेगळे, एका काट्यावरच्या दोन रांगा वेगळ्या

जुलैअखेरची पीक विम्याची मुदत जवळ आली की विदर्भात गावोगावच्या सेवा केंद्रांवर रात्री उशिरापर्यंत गर्दी असते, आणि जुना कॉम्प्युटर बदलायचं नेमकं त्याच आठवड्यात डोक्यात येतं. तालुक्याच्या दुकानात सेकंडहँड डेस्कटॉप मांडलेले असतात. एकात इंटेलचा आय-५ ९४०० हा प्रोसेसर, सहा कोअर आणि सहा थ्रेड. शेजारच्यात आय-३ १०१००, चार कोअर आणि आठ थ्रेड. त्या दुसऱ्यावर ठळक चिकटवलेलं असतं ते ‘८’. मग प्रश्न येतोच, “भाऊ, आठवाला सोडून सहावाला कावून घेऊ?”

गोंधळ इथेच आहे. ते आठ आणि हे सहा एका मापात मोजलेले नाहीत.

कोअर म्हणजे हिशेब करणारं अख्खं यंत्र. सूचना वाचणारा भाग, बेरीज-गुणाकार करणारे भाग, जवळची छोटी मेमरी म्हणजे एल१ कॅश, सगळं ज्याचं त्याचं. थ्रेड म्हणजे त्या यंत्रापुढे लागलेली सूचनांची रांग. काही कोअर एकच रांग घेतात, काही दोन. दुसऱ्या रांगेसाठी चिपमध्ये फार काही वाढवावं लागत नाही. ती रांग कुठवर आली हे लक्षात ठेवायला रजिस्टरांचा, म्हणजे हाताशी आकडे ठेवायच्या छोट्या कप्प्यांचा, वेगळा संच लागतो, काही किरकोळ भाग लागतात. बेरीज करणारं यंत्र मात्र तेच.

हंगामात जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्या लागतात तेव्हाचं चित्र आठवा. काटा एक, रांग एक. पुढच्या गाडीवाल्याचा सातबारा घरी राहिला किंवा टोकन सापडेना, तर काटा मोकळा आणि मागचे सगळे खोळंबलेले. त्याच काट्यावर दोन बाजूंनी दोन रांगा घेतल्या तर इकडचा कागद शोधेपर्यंत तिकडची गाडी मोजून होते. काटा रिकामा राहत नाही, दिवसाला गाड्या जास्त निघतात. पण दोन्हीकडचे गाडीवाले कागद हातात घेऊन तयार असले, तर दोन रांगांनी काही साधत नाही. तेव्हा दुसरा काटाच हवा. काटा म्हणजे कोअर, रांग म्हणजे थ्रेड.

प्रोसेसरमध्ये कागद शोधायला जाणं म्हणजे मेमरीतून डेटा आणणं. एल१ कॅशमध्ये हवं ते सापडलं तर प्रोसेसरच्या घड्याळाच्या चार-पाच ठोक्यांत काम होतं. तिथे नाही, पुढच्या कॅशमध्येही नाही, थेट रॅमपर्यंत जावं लागलं तर दोनशे-तीनशे ठोके सहज जातात. तेवढा वेळ कोअरने करायचं काय? दुसरी रांग असेल तर तिचं काम उरकायचं. काट्याची उपमा एका ठिकाणी लंगडते, तेही सांगून टाकतो. काट्यावर एका वेळी एकच गाडी चढते, कोअरमध्ये मात्र एकाच ठोक्यात एका थ्रेडची बेरीज आणि दुसऱ्याचा दशांशाचा गुणाकार वेगवेगळ्या भागांत चालू शकतात. म्हणून या पद्धतीला ‘सायमल्टेनिअस मल्टिथ्रेडिंग’ म्हणतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला. २००२ मध्ये इंटेलने ती ‘हायपर-थ्रेडिंग’ या नावाने आधी सर्व्हरच्या झिऑन चिपमध्ये, मग घरच्या कॉम्प्युटरच्या पेंटियम ४ मध्ये आणली. चिपचं क्षेत्रफळ पाच टक्क्यांहून कमी वाढलं आणि वेग कामानुसार तीस टक्क्यांपर्यंत वाढला, असं कंपनीचं तेव्हाचं म्हणणं होतं. घरच्या कॉम्प्युटरमध्ये खरेखुरे दोन कोअर आले ते २००५ मध्ये, इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीचा अॅथलॉन ६४ एक्स२ घेऊन.

आता दुकानातला हिशेब करा. कंपनीचे तीस टक्के पूर्ण धरले तरी चार कोअरचे सव्वापाचाच्या आसपास होतात, आठ कधीच होत नाहीत. समोर सहा खरे कोअर आहेत. सगळ्या कोअरना जुंपणारं काम असेल तर मी सहावाला उचलेन. एकेकट्या कोअरच्या वेगात दोघांत फार फरक नाही.

‘जुंपणारं काम असेल तर’ हे मात्र मुद्दाम म्हटलं. सेवा केंद्रात ते दिवसातून किती वेळा येतं? पोर्टलवर फॉर्म भरताना गोल चकरी फिरत राहते, तेव्हा अडलेलं असतं ते नेटवर्क नाहीतर पलीकडचा सर्व्हर. तिथे सोळा कोअर लावले तरी चकरी फिरायची ती फिरेलच. उलट दोनशे आधार आणि सातबाऱ्यांच्या स्कॅन फाइली लहान करायच्या आहेत, तर प्रत्येक फाइल स्वतंत्र, कोणी कोणासाठी थांबत नाही. हे काम कोअरमध्ये छान वाटलं जातं, अर्थात प्रोग्रॅम तसा लिहिलेला असेल तर. वाटणीलाही मर्यादा आहे, ती कॉम्प्युटरची रचना करणारे जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिली होती. कामाचा दहावा हिस्सा एकामागून एकच करावा लागत असेल, तर आठ कोअर लावूनही वेग पाचपटीपर्यंत पोचत नाही. ४.७ पटीवर अडतो.

वाटणी एकवेळ सोपी, एकमेकांशी बोलणं अवघड. त्याच फाइली लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘झालेल्या फाइली’ असा एक आकडा आहे असं धरा. दोन थ्रेड जवळपास एकाच क्षणी फाइल संपवतात. दोघांनीही आकडा वाचला, ४१. दोघांनीही त्यात एक मिळवला, दोघांनीही ४२ लिहिला. व्हायला हवे होते ४३. एक फाइल हिशेबातून गायब, आणि दरवेळी नाही, कधीतरीच, त्यामुळे ही चूक शोधताना जीव मेटाकुटीला येतो. यावर उपाय लॉकचा: एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. आकडा बरोबर येतो, पण थांबण्यात वेळ जातो. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक थ्रेडने आपला आकडा वेगळा ठेवायचा आणि शेवटी एकदाच बेरीज करायची.

इथेही एक खोच आहे, आणि भले भले तिथे अडकतात. मेमरी एकेका आकड्याने हलत नाही, आपल्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ६४ बाइटच्या पट्टीने हलते. दोन थ्रेडचे दोन आकडे शेजारी शेजारी एकाच पट्टीत पडले, तर एका कोअरने आपला आकडा बदलला की दुसऱ्याजवळची अख्खी पट्टी बाद होते. त्याने आपला लिहिला की पहिल्याची बाद. दोघांना एकमेकांच्या आकड्याशी काही देणंघेणं नसताना पट्टीची ओढाताण सुरू राहते आणि दोन कोअरचा प्रोग्रॅम एका कोअरपेक्षाही सावकाश चालू शकतो. आकडे लांब लांब ठेवले की भांडण मिटतं. एकाच कोअरवरच्या दोन थ्रेडमध्ये ही ओढाताण होत नाही, कारण त्यांची एल१ कॅश एकच असते. त्यांचं दुखणं वेगळं, त्या अपुऱ्या जागेत एकाचा डेटा दुसऱ्याला बाहेर ढकलतो.

नव्या लॅपटॉपांनी गोंधळात भर घातली आहे. आय-५ १२३५यू मध्ये दहा कोअर आणि बारा थ्रेड असतात. त्यातले दोन कोअर मोठे, ते दोन-दोन रांगा घेतात, बाकीचे आठ लहान, एक-एक रांगेचे. २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेतल्या डेस्कटॉप चिपमधून तर इंटेलने हायपर-थ्रेडिंग काढूनच टाकलं. ई-पीक पाहणीला शेतात नेतो त्या फोनवरचं ‘ऑक्टा-कोअर’ खरं आठच असतं, पण स्वस्त फोनांत बरेचदा त्यातले सहा लहान निघतात.

घेण्याआधी मशीन सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. ‘कोअर्स’समोरचा आकडा काट्यांचा, ‘लॉजिकल प्रोसेसर्स’समोरचा रांगांचा. तिथेच ‘थ्रेड्स’ म्हणून दोन-तीन हजारांचा आकडा दिसला तर दचकू नका. ते चिपमधले नव्हेत, चालू प्रोग्रॅमांनी मांडलेली कामं आहेत, त्यातली बहुतेक झोपलेली असतात.

टक्केवारीही जपून वाचायची. आठ रांगांच्या मशीनवर एकाच थ्रेडचा प्रोग्रॅम आपला कोअर पूर्ण पिळत असला तरी त्याच्या वाट्याला साडेबारा टक्के दिसतात, आणि ‘मशीन तर रिकामीच हाये’ असं वाटतं. विंडोज काम वाटताना सहसा आधी वेगवेगळे कोअर भरतं, मग दुसऱ्या रांगा वापरतं. म्हणजे चार कोअर आणि आठ थ्रेडच्या मशीनवर ५० टक्के दिसतात तेव्हा चारही काटे बहुधा लागलेले असतात. उरलेल्या ५० टक्क्यांच्या भरवशावर आणखी तेवढंच काम टाकलं, तर त्यातून फार तर पंचवीस-तीस टक्के वाढीव काम निघेल.