छोटं घर की अर्धं घर? पुढे वाढवायच्या घराचा पाया, पिलर आणि जिना

प्रधानमंत्री आवास योजनेतून ग्रामीण भागात बांधायचं घरकुल किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 270 चौरस फुटांचं असावं लागतं. सपाटीच्या भागात त्याला 1 लाख 20 हजारांचं साहाय्य मिळतं, वरची बरीच भर घरच्यांची. एवढ्या जागेत एक-दोन खोल्या आणि न्हाणी-संडास बसतात, आणि "पुढे पैसे आले की वाढवू" असं ठरतं. वाढवता येणार की नाही, हे मात्र पाया खणतानाच ठरून गेलेलं असतं. कारण त्या 270 फुटांत दोन वेगळ्या गोष्टी बांधता येतात. छोटं घर म्हणजे आहे तेवढंच, पुरं झालेलं. अर्धं घर म्हणजे 600 फुटांच्या घराचा आधी बांधलेला भाग. गिलावा-रंग झाला की दोन्ही सारखीच दिसतात.

चिलीतल्या इकीके शहरात 2004 साली वास्तुविशारद आलेहांद्रो अरावेना यांच्या एलेमेंताल या गटाने 93 कुटुंबांसाठी किंता मोनरॉय ही वसाहत उभी केली. घरामागे अनुदान साडेसात हजार डॉलर, आणि जमिनीचा खर्चही त्यातूनच. त्यांनी न्हाणी-संडास, स्वयंपाकघर, जिना आणि दोन घरांमधल्या भिंती, म्हणजे जे एकट्या कुटुंबाला मागाहून नीट जमणार नाही ते सगळं आधी बांधलं. खोल्यांची जागा मोकळी सोडली. ती लोकांनी ऐपतीप्रमाणे भरली.

नवी मुंबईत बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी 1980च्या दशकात केलेली वसाहतही वाढत्या घरांचीच. सात-सात घरं 8 बाय 8 मीटरच्या चौकाभोवती, आणि कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, त्यामुळे वाढवताना शेजारी आड येत नाही. पण छपरं उतरती, कौलारू. तिथे आडवं वाढणं सोपं, वर जायचं तर छप्परच उतरवावं लागणार. पुढे तिथली बरीच मूळ घरं पाडून मोठी आरसीसी घरं उभी राहिली. तेव्हा वाढ आडवी की उभी, हे पहिल्याच नकाशात लिहिलेलं हवं.

उभी वाढ धरली तर खरा फरक जमिनीखाली आहे. एक मजला चढला की पिलरवरचा भार जवळपास दुप्पट होतो. जमीन तीच, तिची ताकद तीच, म्हणून फुटिंगचं, म्हणजे पिलरखालच्या रुंद काँक्रीटच्या बैठकीचं, क्षेत्रफळही दुप्पट लागतं. छोट्या घराला 3 बाय 3 फुटांचं, म्हणजे 9 चौरस फुटांचं फुटिंग पुरत असेल, तर अर्ध्या घराला सव्वाचार बाय सव्वाचारचं हवं. नेमका आकार माती पाहून इंजिनिअरने काढायचा. काळ्या मातीत तर फुटिंग मुरमापर्यंत न्यावंच लागतं, कारण ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. हे काम मागाहून करता येत नाही असं नाही, पण उभ्या घराखाली फुटिंग वाढवणं म्हणजे राहत्या घराला टेकू लावून खणणं. त्यात पैसाही जातो आणि धोकाही असतो.

गावोगाव स्लॅबच्या वर सळया सोडलेल्या दिसतात आणि त्या पाहून "वरच्या मजल्याची सोय आहे" असं समजलं जातं. सळया काहीच सिद्ध करत नाहीत. कित्येक घरांत भिंती आधी उचलतात आणि कोपऱ्यातल्या फटीत नंतर काँक्रीट ओततात. तिथे भार भिंतीच घेतात, पिलर फक्त दिसायला. अशा घरात पुढची खोली जोडायला भिंत फोडली की वरचा स्लॅब लवतो, चिरतो. तपासायचं असेल तर एका कोपऱ्याशी तीन-चार फूट खड्डा घ्या. पिलर खाली जाऊन रुंद फुटिंगवर बसलेला दिसला पाहिजे, जोत्याच्या पातळीला प्लिंथ बीम हवा आणि स्लॅबखाली पिलर-ते-पिलर बीम हवा. यातलं एक जरी कमी असेल तर ते छोटं घर आहे, सळया कितीही उंच असोत.

अर्ध्या घरात त्या सळयांना माप असतं. सळईचा जोड, म्हणजे जुनी आणि नवी सळई शेजारी-शेजारी बांधायची लांबी, साधारण तिच्या जाडीच्या 50 पट घेतात, 12 मिमीच्या सळईला 600 मिमी म्हणजे दोन फूट. बहुतेक ठिकाणी तेवढ्याच सोडतात. पण भूकंपाच्या दृष्टीने जोड पिलरच्या मधल्या निम्म्या उंचीत हवा, स्लॅबला लागून नको, कारण हादऱ्यात सगळ्यात जास्त ताण पिलर आणि स्लॅब-बीमच्या सांध्यावर येतो. म्हणजे सळई स्लॅबच्या वर चार-सव्वाचार फूट हवी. कोयना परिसरात किंवा किनाऱ्याजवळ हे टाळू नका. पिलरही 9 इंची न ठेवता किमान 300 मिमीचा, म्हणजे 12 इंची ठेवा.

उघडी सळई मात्र दोन-चार पावसाळ्यांत गंजते, कोकणात त्याहून लवकर. मग मजला चढवताना मिस्त्री सळई घासून साफ करतो, आणि जाडी किती उरली हे कुणी मोजत नाही. सळयांभोवती 1:4:8 चं (सिमेंट, वाळू, खडी) कच्चं काँक्रीट ओतून छोटा खांब करून ठेवा, वेळ आली की तो फोडता येतो. सळई वाकवून स्लॅबवर झोपवू नका. पुन्हा सरळ करताना ती वाकल्या जागी तडकते. ग्रीसही नको, त्यानं काँक्रीट सळईला धरत नाही.

जिन्याची जागा आजच राखा. मजल्याची उंची 10 फूट, पायरी 7 इंचांची, तर 17 पायऱ्या होतात. तीन फूट रुंद दुहेरी जिन्याला साडेसहा बाय दहा फूट लागतात. जिना बाहेरच्या बाजूला ठेवलात तर वरचा मजला स्वतंत्र भाड्याने देता येतो.

संडास आणि स्वयंपाकघर एकाच भिंतीला पाठ लावून घ्या. चार इंची पाईप स्लॅबमधून वर काढून टोपण लावा, म्हणजे पुढे स्लॅब फोडावा लागत नाही. सगळ्यात जास्त चूक शोषखड्ड्याची होते. मागच्या अंगणात मोकळी जागा दिसते, तिथे तो खणला जातो, आणि पाच वर्षांनी खोली नेमकी तिथेच काढायची असते. संडासाला दोन शोषखड्डे घेतले तर दोन्ही पुढच्या बांधकामाच्या रेषेबाहेर, आणि एकमेकांपासून किमान मीटरभर लांब.

गच्चीवर जाड कोबा घालू नका. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास जातं, आणि मजला चढवताना तो फोडावाच लागतो.

आडवी खोली जोडायची असेल तर त्या बाजूच्या भिंतीत आजच लिंटेल (दरवाजावरची आडवी काँक्रीटची पट्टी) घालून दरवाजाएवढी जागा सोडा, ती विटांनी भरा, पण त्या विटा बाजूच्या भिंतीत दात्यांनी गुंफू नका. म्हणजे पुढे सरळ मोकळी करता येते. खोलीने बंद होणारी खिडकी त्या घराची एकुलती खिडकी नसावी. नवी खोली जुन्या भिंतीला चिकटवली तर जुना पाया बसलेला असतो आणि नवा अजून बसत असतो, म्हणून सांध्यावर तडा जातो. काळ्या मातीत तर नव्या खोलीचे पिलर वेगळे घ्या, मध्ये इंचभर फट ठेवा आणि ती वरून पत्र्याच्या पट्टीने झाका.

एवढं सगळं त्याच पैशात बसवायचं तर काहीतरी मागे ठेवावं लागतं. फरशी, आतला गिलावा, खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या, कपाटं थांबू शकतात. पावसाची झड खाणारी बाहेरची भिंत थांबू शकत नाही, तिला गिलावा आधी. तरीही पैसे पुरत नसतील तर स्लॅबऐवजी आज पत्रा घाला, पण पिलर आणि बीम पूर्ण करा आणि पत्र्याचे अँगल बोल्टने बसवा, म्हणजे तेच पुढच्या खोलीवर वापरता येतात.

पूर्ण घराचा नकाशा आजच मंजूर करून घ्या. काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक फुटिंगचे आणि पिलरच्या सळयांचे टेप लावून फोटो काढा आणि ते नकाशासोबत ठेवा. दहा वर्षांनी येणारा इंजिनिअर वेगळा असेल, आणि त्याला जमिनीखालचं दुसऱ्या कशातूनच दिसणार नाही.