दिव्याची परीक्षा चिमूटभर काळ्या मातीत

तापी समुद्राला मिळते ती सुरतेजवळ. पण तिथला समुद्र इतका गढूळ, की पाण्याखाली चित्रीकरण करायचं तर जळगाव-धुळ्याची मंडळी मालवण-तारकर्ली गाठतात. परत येऊन व्हिडिओ उघडला की सगळंच निळसर-हिरवं दिसतं. दोष कॅमेऱ्याचा नसतो. पाण्याच्या रेणूतले हायड्रोजन-ऑक्सिजनचे बंध कंप पावतात आणि लाल प्रकाश शोषून घेतात. शुद्ध पाण्यातही गडद लाल प्रकाश दर मीटरला सुमारे ३० टक्के घटतो. ५ मीटरवर पाचवा हिस्साही उरत नाही, १० मीटरवर जेमतेम ३ टक्के. निळा मात्र तिथेही बराचसा शाबूत असतो. नंदुरबारची लालभडक मिरची १० मीटर खोल ठेवली तर काळपट दिसेल.

म्हणून दिवा सोबत न्यायचा. पण दिव्याच्या उजेडालाही पाण्यातूनच जावं लागतं, तेही दोनदा: माशापर्यंत आणि तिथून परत कॅमेऱ्यापर्यंत. मासा १ मीटरऐवजी २ मीटरवर असेल, तर पसरल्यामुळे उजेड चौथा हिस्सा होतो आणि वाढलेल्या प्रवासात लाल रंग आणखी निम्मा होतो. म्हणजे लाल उजेड एक अष्टमांश! तो भरून काढायला आठपट लुमेनचा (लुमेन म्हणजे दिव्याच्या एकूण उजेडाचं माप) दिवा लागेल. त्यापेक्षा मीटरभर जवळ जाणं फुकट आहे. दुकानात लुमेनच्या आकड्यावर भाळून पैसे घालवू नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो ते याचसाठी. रुंद कोनाची लेन्स आणि वस्तूपासून हातभर अंतर, हाच पाया.

मग दिव्यात पाहायचं काय? आधी कोन. सपाट काचेचा, हवेत १२० अंश पसरणारा दिवा पाण्यात वक्रीभवनामुळे सुमारे ८० अंशांवर येतो. रुंद लेन्सला तो अपुरा पडतो आणि चित्राच्या कडा काळ्या राहतात. घुमटाकार काचेचा दिवा कोन बराच टिकवतो. दुसरं, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा जास्त आणि रंगतापमान (उजेडाची पिवळसर-निळसर छटा) ५००० ते ५६०० केल्विन. स्वस्त एलईडीत लाल रंग मुळातच कमी असतो. जो रंग हवा तोच नसेल तर दिवा कशाला? तिसरं, बॅटरीचा हिशोब. ५००० एमएएचच्या, ३.६ व्होल्टच्या दोन सेलांत ३६ वॅट-तास ऊर्जा असते. एका वॅटला साधारण १०० लुमेन धरले तर ३००० लुमेनचा दिवा तास-सव्वा तास चालेल. याहून फार मोठा दावा असेल, तर उजेड मध्येच उतरतो असं समजा. मोठा दिवा पाण्याबाहेर पेटता ठेवू नये. त्याला थंड करतं ते पाणीच.

सगळ्यात जास्त व्हिडिओ बिघडवतो तो बॅकस्कॅटर. लेन्ससमोरच्या कणांवर उजेड पडला की चित्रात पांढरे ठिपके भुरभुरतात. हे शिकायला समुद्र नको, आपल्या शेतातली काळी माती पुरते. काचेच्या फिशटँकमध्ये दोन चिमटी माती ढवळा, जाड कण पाच मिनिटं बसू द्या. बारीक चिकणमाती तरंगत राहते. टँकच्या मागच्या बाजूला एखादं खेळणं ठेवा, समोर कॅमेरा धरा, खोलीत अंधार करा. दिवा लेन्सला चिकटून धरला की नुसतं धुकं दिसेल. तोच बाजूच्या काचेकडे सरकवत न्या. लेन्सजवळचे कण अंधारात जातात आणि खेळणं उठून दिसतं. समुद्रातही हेच करायचं: दोन दिवे, दोन बाजूंना लांब दांड्यांवर, लेन्सच्या किंचित मागे आणि तोंडं थोडी बाहेर वळवलेली. झोताचा मधला भाग नाही, कड वस्तूवर पडली पाहिजे.

गेलेला लाल रंग भरून काढायला लेन्सवर लाल फिल्टर लावला असेल, तर दिवे लावल्यावर तो काढा, नाहीतर जवळचं सगळं तांबडं होईल. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यातली जुळणी) दिव्यांच्याच उजेडात, पांढऱ्या पाटीवर लावा. पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याने मात्र दिवे घेऊच नयेत. आधी श्वास आणि तरंगणं हाताखाली यावं.

कॅमेऱ्याच्या जलरोधक कवचाच्या, म्हणजे हाउसिंगच्या, गळतीची चाचणी विहिरीत होते. स्वतः उतरायचं नाही, दोर सोडायचा. ओ-रिंगवरचा (झाकणाच्या सांध्यातल्या रबरी कड्यावरचा) केस, वाळूचा कण काढा, सोबत आलेलं ग्रीस चमक येईल एवढंच लावा. जास्त ग्रीस धूळ धरतं. कॅमेरा न ठेवता हाउसिंगमध्ये टिशू पेपर ठेवा, बुडेल एवढा दगड बांधा, दोराला मीटर-मीटरवर गाठी मारा. आधी १ मीटरवर दहा मिनिटं थांबवा. कमी दाबात रिंग नीट दबलेली नसते, त्यामुळे पुष्कळदा गळती वरच होते. मग ८ मीटरवर अर्धा तास. बाहेर काढल्यावर कवच कोरडं पुसा, तोंड खाली धरून उघडा आणि टिशूचे कोपरे चाचपून पाहा.