दलाली करार (स्थावर मालमत्ता)

स्थावर मालमत्तेच्या खरेदी-विक्रीसाठी ग्राहक आणि इस्टेट एजंट यांच्यात होणारा करार. महाराष्ट्रात पुनर्विक्रीच्या व्यवहारांत तो बहुधा तोंडीच होतो. पहिलीच गुंतवणूक करणाऱ्याने मात्र तो कागदावर आणावा.

घासाघीस होते ती दरावरून, तंटे होतात ते दलाली कधी द्यायची यावरून. भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 219 सांगते की, वेगळे काही ठरले नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय दलालीचे पैसे देय होत नाहीत. पण काम पूर्ण म्हणजे काय? टोकन (सुरुवातीची आगाऊ रक्कम), साटेखताची (पुढे विक्री करण्याच्या कराराची) नोंदणी की खरेदीखत (मालकी प्रत्यक्ष हस्तांतरित करणारा दस्त)? टोकन दिल्यावर बँकेने कर्ज नाकारले किंवा मालकीहक्काच्या तपासणीत जुना बोजा निघाला, की वाद नेमका इथे पेटतो. म्हणून निम्मी दलाली साटेखताच्या नोंदणीला आणि उरलेली खरेदीखताला, असे स्पष्ट लिहावे. व्यवहार फिसकटला तर काही देणे लागणार नाही, हेही त्यातच यावे.

मुंबई-पुण्यात खरेदीवर प्रत्येक बाजूकडून साधारण 1 ते 2 टक्के घेण्याची प्रथा आहे. दलाल वस्तू व सेवा करासाठी नोंदलेला असेल तर त्यावर 18 टक्के कर लागतो. 80 लाखांच्या सदनिकेवर 2 टक्के म्हणजे 1,60,000 आणि कराचे 28,800, एकूण 1,88,800 रुपये. दर करासह की कराव्यतिरिक्त, हे आधीच विचारावे.

सर्वांत फसवा कागद म्हणजे साइट व्हिजिटच्या वेळी पुढे केलेला फॉर्म. 'दाखवलेली मालमत्ता कोणत्याही मार्गाने घेतल्यास दलाली देय' अशी ओळ त्यात असू शकते. तीच सदनिका दुसऱ्या दलालाने आधी दाखवली असेल तर दोघेही दलाली मागतात. त्यामुळे दाखवलेल्या प्रत्येक सदनिकेचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी, आणि या अटीला मुदत घालावी. 90 दिवस पुरेसे आहेत. एकाच दलालाला बांधून घेणारी अट नवख्याने शक्यतो मान्य करू नये. केलीच, तर 60 दिवसांपुरती आणि लेखी सूचनेने मोडता येईल अशी.

नव्या प्रकल्पात विकासकही दलालाला मोबदला देतो. तो मिळत असल्यास दलालाने तसे लेखी सांगावे, अशी अट घालावी. स्थावर मालमत्ता नियमन कायदा म्हणजेच रेरा कायदा, 2016 च्या कलम 9 नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या दलालाची नोंदणी सक्तीची आहे. हा नोंदणी क्रमांक महारेराच्या (या कायद्याखालील महाराष्ट्रातील प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर पडताळून मगच करारात लिहावा. दलाल स्वतःच मालक किंवा मालकाचा भागीदार नाही, असे लेखी घ्यावे. करार अधिनियमाचे कलम 215 त्या बाबतीत ग्राहकाच्या बाजूचे आहे. टोकनचा धनादेश मालकाच्याच नावाने काढावा, दलालाच्या नव्हे. दलालाला मुखत्यारपत्र देऊ नये.