हेडी लामार आणि वाय-फाय: एक खुलासा

हेडी लामार यांचे चाहते ‘वाय-फायचा शोध याच अभिनेत्रीने लावला’ असे वर्षानुवर्षे अभिमानाने सांगत आले आहेत. त्यामागचा जिव्हाळा मलाही आपलासा वाटतो, परंतु हे विधान खरे नाही. संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्यासह त्यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेत मिळालेले पेटंट रेडिओने दिशा दिल्या जाणाऱ्या पाणतीराचे (टॉर्पेडोचे) संदेश शत्रूला अडवता येऊ नयेत यासाठी होते. स्वयंचलित पियानोत असते तशी छिद्रे पाडलेली कागदी गुंडाळी जहाजावर आणि पाणतीरात एकाच गतीने फिरावी, आणि छिद्रे सरकतील तशी दोन्हीकडची रेडिओची कंप्रता (फ्रिक्वेन्सी) एकदमच बदलावी, अशी ती योजना होती. कंप्रता ८८, म्हणजे पियानोच्या पट्ट्यांइतक्याच. किती देखणी कल्पना आहे ही! नौदलाने मात्र ती युद्धात वापरली नाही.

कंप्रता बदलत राहण्याचा विचार त्यांच्याआधीही मांडला गेला होता. ब्लूटूथ आजही तशाच एका कंप्रतेवरून दुसरीवर उड्या घेते. वाय-फायच्या १९९७ च्या पहिल्या मानकात ती पद्धत केवळ एक पर्याय होती आणि आजचे घरोघरचे वाय-फाय वेगळ्याच तंत्राने चालते. १९९७ मध्येच इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने लामार आणि अँथाइल या दोघांचा गौरव केला, तो या पेटंटमधील कामाबद्दल.