गहाण सोडवण्याची मुदत: सुप्याच्या दंग्यापासून सरफेसीच्या नोटिशीपर्यंत

कुठल्याही मराठी दैनिकाचं आतलं पान उघडा, बारीक टायपात ‘ताबा सूचना’ छापलेली दिसेल. वर कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदारांची नावं, मग पैशापर्यंत मोजलेली थकबाकी, आणि खाली घराचं वर्णन: फ्लॅट क्रमांक, मजला, चटईक्षेत्र, गट नंबर, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याची मिळकत. एका कुटुंबाचा संसार दोन इंचांच्या रकान्यात. सूचना मराठीत असते, कारण नियमच तसा आहे. बँकेने ताबा घेतल्यापासून सात दिवसांत ती दोन प्रमुख वृत्तपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तोच कागद घराच्या दारावरही डकवतात. पुष्कळांना सरफेसीची, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची ओळख तेव्हा होते, आणि तोवर पैसे भरून घर सोडवण्याची बरीचशी मुदत सरलेली असते.

ही मुदत काही बँकांनी उपकार म्हणून दिलेली नाही, तिच्यामागे दीडशे वर्षांहून जुना झगडा आहे.

जुन्या मुंबई इलाख्यात ‘गहाण-लहाण’ नावाचा व्यवहार चाले. ठरल्या तारखेला पैसे दिले नाहीत, तर गहाणखत हेच खरेदीखत समजायचं. तारीख चुकली की घर, वावर सगळं सावकाराचं. १८६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रामजी विरुद्ध चिंतो या खटल्यात अशी अट मानायला नकार दिला. एकदा गहाण ते कायम गहाण, तारीख उलटली तरी पैसे भरून मिळकत सोडवता येते, असा तो निर्णय. उच्च न्यायालय स्थापन होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

पण कोर्टातला हक्क गावात पोचला नाही. कापसाचे भाव पडले, शेतसाऱ्याची आकारणी वाढली, आणि सावकारांनी कोर्टातून मिळवलेल्या एकतर्फी हुकूमनाम्यांनी जमिनी जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. त्यांना हवे होते कागद: कर्जरोखे, गहाणखतं, वह्या. त्यांची होळी झाली आणि दंग्याचं लोण पुणे-नगर भागात पसरलं. सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवून मूळ व्यवहाराचा हिशेब तपासण्याची आणि हप्ते बांधून देण्याची मुभा मिळाली. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. कर्ज फेडायचं हे मान्य, पण ते माणूस उभा राहील अशा बेताने, हा विचार आपल्याकडे तेव्हाच कायद्यात लिहिला गेला.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० ने गहाण सोडवण्याचा हक्क लिखित कायद्यात पक्का केला. कोर्टाबाहेर परस्पर विक्रीची वाट मुंबई, कोलकाता, मद्रास अशा मोजक्या ठिकाणांपुरती आणि मोजक्या करारांपुरती होती. बाकी सर्वसाधारण कर्जदाराचं घर विकायला कोर्टाची पायरी चढावीच लागे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने आधी प्राथमिक हुकूमनामा, मग सहा महिन्यांपर्यंतची मुदत, मग अंतिम हुकूमनामा आणि शेवटी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी, असा क्रम घालून दिला. त्याच संहितेचं कलम ६० मला नेहमी थांबायला लावतं. साध्या जप्तीत ऋणकोच्या कुटुंबाची नेसती वस्त्रं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्मरीतीप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, यांना हात लावता येत नाही. गहाण टाकलेल्या घराला हे संरक्षण नाही.

या क्रमाची दुसरी बाजूही खरी आहे. दावे वर्षानुवर्षं लोंबकळत आणि ठेवीदारांचा पैसा अडकून पडे. बँक सुधारणांसाठी नेमलेल्या नरसिंहम समितीच्या शिफारशीनंतर १९९३ मध्ये दहा लाख आणि त्यावरच्या थकबाकीसाठी कर्जवसुली न्यायाधिकरणं आली. तीही लवकरच तुंबली. पुढे महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता टी. आर. अंध्यारुजिना यांच्या समितीने कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना द्यावा, असं सुचवलं. जून २००२ मध्ये वटहुकूम निघाला, वर्षअखेरीस कायदा झाला. तोच सरफेसी.

चर्चा तेव्हा बड्या उद्योगांच्या बुडीत कर्जांची होती. पण बंद कारखान्यापेक्षा दोन खोल्यांचा फ्लॅट विकणं कितीतरी सोपं, आणि हा कायदा सामान्य घरांच्या दारापर्यंत आला तो त्यामुळेच, असं मला वाटतं.

हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं. मग सरफेसीच्या कलम १३(२) ची ६० दिवसांची मागणी नोटीस येते. त्यानंतरही पैसे भरले नाहीत तर १३(४) खाली ताबा. आधी बहुधा सांकेतिक, म्हणजे दारावर कागद. मग कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने प्रत्यक्ष, म्हणजे पंचनामा, कुलूप आणि सील. मूळ कायद्यात दाद मागण्याआधी कर्जदाराला ७५ टक्के रक्कम भरावी लागे. एप्रिल २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला, पण ही अट रद्द केली. कर्जदाराच्या हरकतीला कारणांसह उत्तर द्यायला हवं, हेही त्यातूनच आलं. आता ते १५ दिवसांत द्यावं लागतं. ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं.

सहकारी बँका या कायद्यात येतात की नाही, यावर बराच काळ वाद होता. तो मिटला कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात. मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्या येतात असं सांगितलं. पतसंस्थांची वसुली मात्र अजून सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्यावरच चालते. शेतजमिनीला सरफेसी लागू नाही. सुप्याची आठवण कायद्यात उरली असेल तर ती इथे.

सगळ्यात मोठा बदल २०१६ चा, आणि सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असलेला. त्याआधी विक्रीच्या दिवसापर्यंत, किंबहुना विक्री पुरी होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येई. सुधारित कलम १३(८) नुसार लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्याआधीच सगळी थकबाकी खर्चासह भरावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या नवी मुंबईतल्या जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच रेषा पक्की धरली. नातेवाइकांकडून उसनवारी करून लिलावाच्या सकाळी बँकेत धावणाऱ्या माणसाला आता हक्क म्हणून काही मागता येत नाही.

म्हणून घर स्वतः विकण्याचा विचार नोटीस हातात पडताच करायला हवा. अमेरिकेत घराची किंमत कर्जापेक्षा कमी असली तरी बँकेच्या संमतीने विकून मोकळं होण्याची ‘शॉर्ट सेल’ नावाची रूढ पद्धत आहे. आपल्याकडे तसं वेगळं नाव नाही, पण वाट आहे. कलम १३(१३) नुसार मागणी नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. याचाच अर्थ संमती असेल तर येतं. गिऱ्हाईक आपण आणायचं, पैसे थेट कर्जखात्यात भरायचे, बँकेने कागद सोडायचे. लिलावात आलेल्या भावापेक्षा असा भाव बहुधा बरा मिळतो, कारण घर दाखवायला आतला माणूस असतो. एकरकमी तडजोडही होते, पण ती मागण्याचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. किंमत कमी पडली तर उरलेलं कर्ज १३(१०) खाली अंगावर राहतं, म्हणून तडजोडीच्या पत्रात ‘पूर्ण आणि अंतिम’ हे शब्द असल्याशिवाय सही करू नये.

लिलावात घर घेणाऱ्यालाही हा इतिहास चुकत नाही. २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, उरलेली साधारणपणे १५ दिवसांत. चुकली तर भरलेले पैसे जातात. विक्री ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर होते, म्हणून सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, आतला भाडेकरू, न्यायाधिकरणात चाललेला अर्ज, सगळं आपणच तपासायचं. सांकेतिक ताब्यातलं घर घेतलं तर आत अजून कुणाची तरी चूल पेटते आहे, हे धरून चालावं.

आणि वर्तमानपत्रातल्या त्या ताबा सूचनेत, मिळकतीच्या वर्णनाच्या आधी, एक ओळ ठरलेली असते: तारण मालमत्ता सोडवण्यासाठी उपलब्ध असलेल्या मुदतीबाबत कर्जदाराचे लक्ष कलम १३ च्या पोटकलम (८) कडे वेधण्यात येत आहे. १८६४ च्या निकालातला आणि १८८२ च्या कलमातला हक्क आता तेवढ्या एका ओळीत छापलेला असतो.