खाटेवरचे तीन आठवडे

आप्पा आमच्या पुनर्वसन केंद्रात आले तेव्हा त्यांच्या हृदयाचं काम ठीक चाललं होतं. बायपासमध्ये जोडलेल्या रक्तवाहिन्या उघड्या होत्या, रिपोर्ट समाधानकारक होते. तरी त्यांना पलंगाच्या कडेला नुसतं बसवायला दोन माणसं लागली. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडचे केळीचे शेतकरी, वय 64. गेल्या हंगामापर्यंत घड खांद्यावर घेऊन बांधावरून चालणारा माणूस. ऑपरेशननंतर रक्तस्राव थांबेना म्हणून छाती पुन्हा उघडावी लागली, मग मूत्रपिंडांवर ताण आला, फुप्फुसात संसर्ग झाला. नऊ दिवस व्हेंटिलेटर, एकूण तीन आठवडे अंथरूण. मुलगा मला विचारत होता, "ताई, ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात, मग आप्पांना उभं का राहता येत नाही?"

फिजिओथेरपिस्ट म्हणून हा प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो. उत्तर देताना मी 1966 सालचा एक प्रयोग सांगते. अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. उठल्यावर मोजलं तर व्यायाम करताना त्यांचं शरीर जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकत होतं, त्यात पाव हिश्श्याहून अधिक घट झाली होती. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत असताना पुन्हा तपासले. वाढत्या वयाने तीस वर्षांत जेवढी ताकद नेली, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांनी नेली होती. आणि ही पोरं निरोगी होती! त्यांची छाती कुणी उघडली नव्हती.

आडवं पडल्यावर शरीर खर्च कमी करायला लागतं. रक्तातलं पाणी घटतं. उभं राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे उतरतं. एरवी शिरा लगेच आवळतात आणि डोक्याला रक्त पुरतं, पण पडून राहिलेल्या शरीराची ही सवय मोडते. म्हणून डोळ्यांपुढे अंधारी येते. स्नायूंचं तर फारच लवकर होतं. अतिदक्षता विभागातल्या गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू पहिल्या दहा दिवसांत सरासरी 18 टक्क्यांच्या आसपास बारीक होतो, असं सोनोग्राफीने मोजलेलं आहे. व्हेंटिलेटरवर श्वासपटलही, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वास ओढणारा स्नायूही, दुबळं होतं, कारण त्याचं काम यंत्र करत असतं. श्वास ओढून आतले छोटे चेंडू वर उचलायचे, असं तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र आप्पांच्या हातात दिलं तेव्हा पहिला चेंडू जेमतेम हलला. खोकला आला की ते तो दाबून धरायचे, छाती उकलेल या भीतीने. त्यांना उशी छातीशी घट्ट कवटाळून खोकायला शिकवलं. पहिला मोठा खोकला काढल्यावर त्यांनी उशीकडेच पाहिलं, मग माझ्याकडे.

छातीचं हाड पोलादी तारांनी बांधलेलं असतं. ते नीट सांधायला दोन-तीन महिने जातात. तोवर हातांवर जोर देऊन उठायचं नाही, भरलेली कळशी उचलायची नाही, मोटारसायकलही चालवायची नाही. आपल्याकडची खाट इथे आडवी येते. ती बुटकी असते, मध्ये झोळ पडलेला असतो, हातांचा रेटा दिल्याशिवाय तीवरून उठताच येत नाही. म्हणून आम्ही उंच खुर्चीवरून, हात छातीवर ठेवून, फक्त मांड्यांच्या बळावर उठायचा सराव घेतो. आप्पा पहिल्या दिवशी दोनदा उठले, आठवड्याने आठ वेळा.

अतिदक्षता विभागात त्यांना छतावर विहीर दिसायची, माणसं ओळखू यायची नाहीत. घरच्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मोठ्या ऑपरेशननंतर असा संभ्रम बऱ्याच वयस्कर रुग्णांना होतो आणि बहुतेकदा ओसरतो. समोर घड्याळ, डोळ्यांवर चष्मा, रात्री पुरेशी झोप आणि ओळखीचा आवाज, यांची मदत होते. काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, रोज जवळ बसून विचारायच्या, "कसं वाटी ऱ्हायनं?" अहिराणी कानावर पडली की ते शांत होत.

केळ्यांवरून मात्र मला कठोर व्हावं लागलं. भेटायला येणारे बागेतली केळी घेऊन येत. एका मध्यम केळ्यात सुमारे 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम बाहेर टाकतं; आप्पांची अजून सावरत होती. रक्तात ते साचलं तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. आयुष्यभर केळी पिकवलेल्या माणसाला केळं नाही म्हणणं मला जड गेलं. त्यांनी नुसती मान हलवली. मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन खाली आल्यावर डॉक्टरांनी अर्ध्या केळ्याची परवानगी दिली. रोज सकाळी वजनही व्हायचं: दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मांस नसतं, अंगात पाणी साठत असतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण मायेने एकच सांगायचा, "उठू नका, पडी ऱ्हा." त्या मायेशी भांडता येत नाही. मी त्यांना बोळातल्या खुणा दाखवायचे. सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं, ही आमची मोजपट्टी. आप्पा पहिल्यांदा 60 मीटर चालले, मध्ये दोनदा बसले. वेग किती ठेवायचा ते त्यांना सोप्या भाषेत सांगितलं: चालताना कापसाचा भाव सांगता आला पाहिजे, भजन म्हणता आलं तर थोडं जोरात चाला. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड वाढली की तिथेच थांबायचं आणि सांगायचं.

चार आठवड्यांनी ते 280 मीटर चालले. घरी जाताना मुलाला सांगून ठेवलं, पहाटे गारवा असतानाच चालवा. उन्हाळ्यात पारा 44-45 पर्यंत चढतो आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना अंगातलं पाणी लवकर कमी होतं. परवा त्याने फोटो पाठवला. खाट गेली आहे; फळ्यांचा पलंग आहे, प्रत्येक पायाखाली दोन विटा. भिंतीवर खडूने तारखा आणि त्यांच्यापुढे फेऱ्या लिहिल्या आहेत, घरापासून पंपाच्या खोलीपर्यंतच्या. कालच्या तारखेपुढे सात.